लॅपटॉप आवाज करतोय? आधी ऐका, मग उघडा

आजचा विषय आहे जुना लॅपटॉप आणि त्यातून अचानक यायला लागलेला आवाज. घर्रर्र, टक्-टक्, नाहीतर बारीक चींऽऽ. असा आवाज सुरू झाला की घरातला प्रत्येक जण डॉक्टर होतो. कोणी म्हणतं पंखा साफ कर, कोणी म्हणतं तेल सोड, कोणी म्हणतं टाकून दे, नवा घे. पण आवाज नक्की येतो कुठून, हे कोणीच बघत नाही.

खरं तर आवाजाचा माग कसा काढतात, हे आपण डहाणू-तलासरीकरांनी जवळून पाहिलंय. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी आणि आसपासच्या पाड्यांत जमीन हादरायला लागली. हादऱ्यासोबत जमिनीतून सुरुंग फुटल्यासारखा आवाज यायचा. १ फेब्रुवारी २०१९ ला तर ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. लोक घर सोडून तंबूत झोपायला लागले. आता घरात उभं राहून सांगा बरं, आवाज कुठून आला? तो सगळीकडूनच आल्यासारखा वाटतो. म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने इथे भूकंपमापक बसवले, तेही वेगवेगळ्या गावांत. कंपन एका यंत्रापाशी आधी पोचतं, दुसऱ्यापाशी जरा नंतर. त्या फरकावरून जागा कळते आणि खोलीही कळते. आपल्याकडचे हे धक्के उथळ होते, म्हणून लहान धक्क्यालाही एवढा मोठा आवाज.

लॅपटॉपचंही तसंच आहे. आतला पंखा, डिस्क, स्पीकर, सगळे एकाच सांगाड्याला स्क्रूने बांधलेले. एक हलला की कीबोर्डपासून टेबलापर्यंत सगळं थरथरतं. म्हणून एका जागी कान लावून निकाल द्यायचा नाही. तीन प्रश्न विचारायचे: आवाज कधी येतो? कुठे जास्त येतो? आणि काय केलं की बदलतो?

सोपं आधी. आवाज पूर्ण म्यूट करा. खरखर थांबली तर ती स्पीकरची. मग चार्जर काढा. बारीक शिट्टीसारखा आवाज चार्जर काढल्यावर किंवा माऊस फिरवल्यावर बदलत असेल, तर ती सर्किटमधली कॉईल आहे. कानाला त्रास होतो, पण त्यात धोका सहसा नसतो. डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर आत विसरलेली सीडी आहे का बघा. मशीन सुरू होताना ती गरगर फिरते.

मग पंखा. दोन-तीन व्हिडिओ एकदम लावा. पाच मिनिटांत मशीन तापेल आणि पंख्याचा वेग वाढेल. घरघर त्याबरोबर वाढली, आणि व्हिडिओ बंद केल्यावर हळूहळू उतरली, तर पंखाच. आपल्याकडे किनाऱ्याची दमट, खारी हवा आणि वर धूळ. दोन्ही मिळून जाळीत जो गाळ बसतो तो नुसत्या फुंकरीने जात नाही.

आता हार्ड डिस्क, आणि इथे नीट लक्ष द्या. जुन्या लॅपटॉपमधली डिस्क साधारणपणे मिनिटाला ५,४०० फेरे फिरते, म्हणजे सेकंदाला ९०. त्यामुळे एकसुरी, हलकी गुणगुण ही तिची रोजची बोली. फिरत्या तबकडीवर वाचणारं टोक काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. केसाची जाडी त्याच्या हजारो पट असते. या टोकाला जागा सापडली नाही की ते मागे येतं आणि पुन्हा जातं. मागे येतं, पुन्हा जातं. तोच तो टक्... टक्... टक्. मध्ये थोडी शांतता, आणि परत तसंच.

एक अपवाद सांगतो. लॅपटॉप उचलला की एकदाच टक् होतं? काही मॉडेलमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. धक्का जाणवला की तो टोक बाजूला सुरक्षित ठेवतो. आयबीएमने २००३ मध्ये थिंकपॅडमध्ये ही सोय आणली. पुढे २००८ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड आणि रिव्हरसाइडच्या शास्त्रज्ञांनी लोकांच्या लॅपटॉपमधले असेच सेन्सर जोडून भूकंप टिपणारं जाळं उभं केलं. म्हणजे तुमच्या टेबलावरचं मशीनसुद्धा छोटं भूकंपमापकच. असो.

तलासरीकडच्या एका ताईंनी मला व्हॉइस मेसेज पाठवला होता. त्यांच्या लॅपटॉपवर बचत गटाचे सहा वर्षांचे हिशेब. कोणी किती भरले, कर्ज कोणाकडे, परतफेड किती झाली, सगळं एकाच फोल्डरमध्ये. दुसरी प्रत कुठेच नाही. दुकानात सांगितलं, पंखा जाम झालाय, ठेवून जा. आणि पंखा खरंच घरघरत होता! मेसेजमध्येही तोच ऐकू येत होता.

मी म्हटलं, ताई, दोन दिवस वहीत लिहा: आवाज किती वाजता आला, तेव्हा स्क्रीनवर काय चालू होतं. आणि सकाळी मशीन थंड असताना, पंखा फिरायच्या आधी, मोबाईल डाव्या बाजूला ठेवून रेकॉर्ड करा. मग उजव्या बाजूला ठेवून. दोन्ही रेकॉर्डिंग आली. उजवीकडे स्पष्ट टक्-टक्, डावीकडे जेमतेम. आणि वहीत प्रत्येक नोंदीपुढे लिहिलेलं: "फाईल उघडताना अडकला." पंख्यामुळे फाईल अशी अडकत नाही. पंख्याच्या गोंगाटाखाली डिस्क बोलत होती.

अशा वेळी क्रम महत्त्वाचा. आधी प्रत, मग तपासणी, मग दुरुस्ती. ताईंनी पेन ड्राइव्ह लावून पहिल्यांदा हिशेबाचा फोल्डर घेतला, मग फोटो, मग बाकीचं. गाणी-सिनेमे शेवटी. त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये डिस्कची स्वतःची नोंद पाहिली. त्यात वाचता न येणारे, वाट बघत बसलेले सेक्टर दिसले. निदान पक्कं. दुकानात पंखाही साफ झाला आणि जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी बसली. तिच्यात फिरणारा भागच नाही, त्यामुळे टक्-टक् होण्याचा प्रश्न नाही.

काय करू नये तेही ऐका. टक्-टक् करणाऱ्या डिस्कवर दुरुस्तीचा स्कॅन लगेच चालवू नका. थकलेल्या माणसाला डोंगर चढायला लावण्यासारखं आहे ते. चालू लॅपटॉपवर थापा मारू नका, तिरका करून हलवू नका. डिस्क फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला कोणी दिला तर नमस्कार करून सोडा. बाहेर काढल्यावर आपल्या हवेत तिच्यावर पाणी धरणार. आणि डिस्क दिसतच नसेल, नुसतीच टक्-टक् करत असेल, आत गरजेची माहिती असेल, तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. बंद करा आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या माणसाकडे न्या. प्रत्येक वेळी चालू करताना तबकडीवर ओरखडे वाढू शकतात.

दुकानात जाताना रेकॉर्डिंग आणि वहीचं पान दोन्ही घेऊन जा. "आवाज येतो" एवढंच सांगितलं तर समोरचा सगळ्यात सोपं कारण धरणार. "सकाळी, उजवीकडून, फाईल उघडताना" असं सांगितलं तर त्याला शोधायला जागा मिळते. आणि ज्यांच्या लॅपटॉपमधून अजून काहीच आवाज येत नाही, त्यांनी गटाचा, शाळेचा, वाडीचा हिशेब आज रात्रीच पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. तुमच्या मशीनचे आवाज रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या भागात एकेक ऐकू. भेटू या.