खुर्ची आणि पुढारीपण
(वार्षिक संमेलनातील भाषण)



पुढारी कोणास म्हणावे, असा प्रश्न पडला की मला प्रवरानगर आठवते. तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांचे शालेय शिक्षण अल्प. परंतु शेतकऱ्यांस एकत्र आणून सहकारी साखर कारखाना उभारण्याची खटपट त्यांचीच. गावोगाव हिंडून भागभांडवल जमविणारा हा पुरुष अध्यक्ष झाला असता, तर कोण हरकत घेणार होते? तथापि १९५० च्या सुमारास कारखाना चालू झाला, तेव्हा अध्यक्षपदी होते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. कर्ज, यंत्रसामग्री, सरकारदरबार ही सारी नवी विद्या होती. ती जाणणाऱ्यास विखे पाटलांनी पुढे बसविले. सभासदांचा विश्वास मात्र स्वतः सांभाळला. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

आता आपल्या मंडळाकडे पाहू. शिष्यवृत्तीचे अर्ज हल्ली संगणकावर भरावे लागतात. गतवर्षी मुदत टळली आणि आपल्या तीन मुलींचे अर्ज राहून गेले. ते काम माझ्याकडे होते. मला ते यंत्र कळत नव्हते, आणि कोणास विचारण्याची लाज वाटली. (शाळेत मात्र जन्मभर मुलांस ‘न कळल्यास विचारा’ म्हणून बजावीत आलो!) त्या मुलींच्या घरी जाऊन मी क्षमा मागितली आहे, गेलेले वर्ष काही परत आणता येत नाही.

आपल्या कार्यकारिणीत पन्नाशीच्या आतला एकही सभासद नाही. स्त्री तर नाहीच. माझ्या जागेचा राजीनामा मी आज चिटणिसांकडे दिला आहे. तेथे एखाद्या तरुण भगिनीस घ्यावे. जुन्या देणगीदारांच्या घरी तिच्यासमवेत जाण्यास मी तयार आहे.