सोन्याची राखणावळ

सोनें घरांत आलें कीं त्याची चिंताही घरांत येते. कपाटाला दुसरें कुलूप लागतें आणि शेवटीं बँकेंतली पेटी भाड्यानें घ्यावी लागते. भाव किती वाढला हें प्रत्येकाच्या तोंडीं असतें. राखण्यास किती पडलें याचा हिशेब मात्र क्वचितच कोणी मांडतो. अमेरिकेंत, जेथें आज अनेक मराठी कुटुंबें स्थायिक झालीं आहेत, हा हिशेब म्हातारपणच्या पुंजीशीं जोडलेला असल्यामुळें त्याला विशेष महत्त्व आहे.

तेथें १९७४ च्या कायद्यानें वैयक्तिक निवृत्ति-खातें अस्तित्वांत आलें. सामान्य नागरिकांस सोन्याच्या लगडी बाळगण्यास १९३३ पासून असलेली बंदीही त्याच वर्षाच्या अखेरीस उठली. १९८६ मध्यें अशा खात्यांत अमेरिकन ईगल जातीचीं सोन्यारुप्याचीं नाणीं ठेवण्याची मुभा मिळाली आणि १९९७ च्या कायद्यानें ठराविक शुद्धतेच्या लगडीही मान्य झाल्या. सोनें हजारांत ९९५ भाग व चांदी ९९९ भाग शुद्ध हवी. परंतु हा धातु बँकेच्या अथवा सरकारमान्य विश्वस्त पेढीच्या ताब्यांत राहिला पाहिजे. खात्याच्या पैशांतून घेतलेलीं नाणीं एका खातेदारानें घरच्या तिजोरींत ठेवलीं, तेव्हां २०२१ सालीं कर-न्यायालयानें तीं खात्यांतून काढून घेतल्याचें मानून त्यांवर कर लागू केला. तात्पर्य, राखणावळ चुकत नाहीं. ती किती व कशी आकारली जाते एवढेंच पाहणें हातीं असतें.

येथें तीन निराळे घटक असतात. धातु विकणारा व्यापारी, कागदपत्रें सांभाळणारी विश्वस्त पेढी आणि प्रत्यक्ष तिजोरी. विश्वस्त पेढी खातें उघडण्याचा व वार्षिक व्यवस्थेचा आकार घेते. तिजोरीचें भाडें वेगळें. आपला धातु स्वतंत्र ठेवावयाचा असल्यास तें भाडें बहुधा अधिक पडतें. घेतलेला भाव रास्त होता कीं नाहीं, हें पाहण्याची जबाबदारी मात्र ही पेढी सहसा पत्करीत नाहीं. विश्वस्त हें नांव ऐकून निश्चिंत होणाऱ्यानें एवढें ध्यानांत ठेवावें.

वार्षिक आकाराच्या दोन पद्धति आहेत: ठोक आणि शेंकडेवारी. उदाहरणादाखल, ठोक आकार २५० डॉलर धरला, तर १०,००० डॉलरच्या खात्यावर तो शेंकडा अडीच होतो आणि १,००,००० च्या खात्यावर अवघा पाव टक्का. उलट शेंकडा अर्धा हा दर १०,००० वर ५० डॉलर, तर १,००,००० वर ५०० डॉलर पडतो. दोन्ही पद्धति ५०,००० वर बरोबरीस येतात. म्हणजे लहान पुंजीस शेंकडेवारी बरी, मोठीस ठोक. शिवाय सोन्याचा भाव दुप्पट झाला, तरी त्याचें वजन गुंजभरही वाढत नाहीं. शेंकडेवारीचा आकार मात्र दुप्पट होतो.

लहान खातेदाराची अडचण येथेंच आहे. सोनें व्याज देत नाहीं. २५० डॉलर प्रमाणें वीस वर्षांत ५,००० डॉलर जातात, म्हणजे मूळच्या १०,००० ची निम्मी रक्कम. खात्यांत रोकड शिल्लक नसेल, तर आकार भागविण्यासाठीं धातूच विकण्याची पाळी येऊं शकते, मग भाव कितीही पडलेला असो.

याहून मोठा खर्च कित्येकदां आकाराच्या यादींत दिसतच नाहीं. १०० डॉलरला घेतलेलें नाणें त्याच दिवशीं ९३ ला विकलें जात असेल, तर केवळ मुद्दल सुटण्यास भाव साडेसात टक्के चढावा लागतो. ‘पहिल्या वर्षीं राखणावळ माफ’ अशी जाहिरात वाचतांना ही माफी खरेदीच्या भावांत तर भरून निघाली नाहीं ना, हें तपासावें.

म्हणून सही करण्यापूर्वीं सर्व आकार लेखी मागवावे. खातें उघडण्याचा, वार्षिक, तिजोरीचा, विक्रीचा, धातु घरपोंच पाठविण्याचा व खातें बंद करण्याचा आकार निरनिराळा लिहून घ्यावा. त्याच दिवशींचा विकत घेण्याचा भावही विचारावा. नेहमीच्या प्रकारच्या खात्यांतून वयाची सत्तरी उलटल्यावर दरवर्षीं कांहीं भाग कायद्यानें काढावाच लागतो. त्या वेळीं शेवटचे आकार आठवून उपयोग नसतो. मग एकूण खर्चास पुंजीनें भागून शेंकडा किती पडतें हें पाहावें. ज्या पेढीला हा आकडा सांगतां येत नाहीं, तिच्या हातीं कोणी वृद्धापकाळची किल्ली देऊं नये.