मुलांच्या दाढेवरील लेप किती वर्षे टिकतो?



विवाह, शिष्यवृत्ती आणि सभागृहनिधी यांची चर्चा झाल्यावर दाढेचा विषय काढणे कित्येकांस विनोदाचे वाटेल. तथापि आम्हांस घरीच जो अनुभव आला, तो अहेरीतील इतर कुटुंबांच्या उपयोगी पडावा, म्हणून हे धाडस करीत आहो.

मूल सुमारे सहा वर्षांचे झाले की दुधाच्या दाढांमागे एक नवी दाढ निमूटपणे उगवते. तिच्यासाठी आधी कोणताही दात पडत नाही. त्यामुळे घरची मंडळी तिला दुधाचीच समजतात आणि 'किडली तर पडेल, दुसरी येईल' म्हणून स्वस्थ राहतात. ती दुसरी कधीच येत नाही. या दाढेच्या माथ्यावरील खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केसही तळापर्यंत पोचत नाही. म्हणून दंतवैद्य तो भाग आम्लाने किंचित खरबरीत करतात, धुऊन कोरडा करतात आणि त्यावर रेझिनचा पातळ लेप देतात. यालाच सीलंट म्हणतात. सुई नाही, कोरणे नाही. मूल रडतही नाही.

हा लेप किती टिकतो? अमेरिकेत एकदाच लेप दिलेल्या दाढा 15 वर्षांनी तपासल्या गेल्या. तो वृत्तांत 1991 साली प्रसिद्ध झाला. सुमारे 28 टक्के दाढांवर लेप संपूर्ण होता, 35 टक्क्यांवर अंशतः. लेप दिलेल्यांपैकी सुमारे 31 टक्के दाढा किडलेल्या अथवा भरलेल्या आढळल्या. न दिलेल्यांपैकी 83 टक्के. लेप अमर नव्हे, पण व्यर्थही नव्हे.

लेप देताना दाढ लाळेने ओली झाली, तर तो लवकर सुटतो. अर्धवट उगवलेली दाढ कोरडी ठेवणे कठीण, म्हणून तिच्यावर पुष्कळदा ग्लास आयोनोमर वापरतात. तो लवकर झिजतो. परंतु फ्लोराईड सोडतो, आणि त्याचा अंश खाचांच्या तळाशी राहू शकतो.

आता आमची चूक सांगतो. आष्टी, गोंडपिंपरी, चंद्रपूर करीत आम्ही मुलाला नागपुरास नेले व लेप देवविला. 'सहा महिन्यांनी दाखवा,' असे डॉक्टरांनी बजाविले होते. आम्ही तो शिष्टाचार समजलो! आधी परीक्षा आली, मग पावसाळा, मग भातकापणी. दीड वर्षाने मुलगा एकाच बाजूने भात चावू लागला, तेव्हा पाहिले. अर्धा लेप गेला होता आणि त्याच्या कडेखाली कीड शिरली होती. गळालेला लेप पुन्हा देणे काही मिनिटांचे काम होते. दाढ भरण्यास मात्र दोन खेपा कराव्या लागल्या.

तेव्हा महिन्यातून एकदा मुलाचे तोंड उघडून मोबाईलच्या उजेडात दाढ पाहावी. लेप बहुधा पांढरा असतो, त्यामुळे तुकडा उडाल्यास पुष्कळदा नजरेस येतो. तथापि आईबापांची नजर दंतवैद्याच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत आले की दाढांविषयी आवर्जून विचारावे. दातांची तपासणी त्या कार्यक्रमात 2013 पासून अंतर्भूत आहे.

बाराव्या वर्षाच्या सुमारास आणखी एक दाढ येते. आमच्या मुलाची पुढील वर्षी येईल. वधूवर मेळाव्यासाठी चंद्रपूरला आपली गाडी जाते, तीत दोन बाके मुलांसाठी राखावीत, एवढी सूचना आम्ही कार्यकारी मंडळापुढे ठेवीत आहो.