पंपाची पुली



जुन्या ट्रकचे स्टेअरिंग जड. म्हणून कोणी त्याला पॉवर स्टेअरिंगचा पंप लावतात. हा पंप इंजिनावरच्या पट्ट्याने फिरतो. पंप दुसऱ्या गाडीचा असला, तर पुली बदलावी लागते. तेव्हा तीन गोष्टी बघा.

पहिली, माप. इंजिनाची पुली ६ इंची, पंपाची ३ इंची. तर इंजिनाच्या एका फेऱ्यात पंप २ फेरे घेतो. पुली फार लहान असली तर पंप जास्त पळतो, तापतो. फार मोठी असली तर गाडी हळू असताना स्टेअरिंग जडच राहते.

दुसरी, ओळ. एका खाचेतून दुसऱ्या खाचेत दोरी ताणा. ती तिरपी जाता कामा नये. नाहीतर पट्टा झिजतो, उडतो.

तिसरी, खाच. पट्टा दोन्ही बाजूंना घट्ट बसावा. तळाला टेकला तर घसरतो.

पुली ठोकून बसवू नका. पंप आतून बिघडतो. पट्ट्याला हात लावाल तो इंजिन बंद करूनच.

आणि घाटात पट्टा तुटलाच, तर घाबरू नका. स्टेअरिंग जड होते, पण जोर लावला की वळते. वेग कमी करा, कडेला थांबा. पट्टा मोलाचा नाही, माणूस मोलाचा.