खिडकीतला हात

माझं भाषण कधी संपतं याची वाट बघणाऱ्या पोरापोरींनो,

तुमचं नाटक व्हायचं आहे, रंग फासून मंडळी पडद्याआड ताटकळली आहेत, हे मला दिसतंय. फार ताणत नाही.

मी या जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी होतो. हुद्दा भारदस्त, गावाच्या लेखी मात्र शेवटपर्यंत 'कंपाउंडर'. औषधवाटपाची खिडकी एवढीशी. माणसाचा चेहरा दिसायचाच नाही, दिसायचा चिठ्ठी धरलेला हात. त्यावर गोळ्या ठेवायच्या, 'सकाळ-संध्याकाळ' म्हणायचं, की पुढचा हात.

एकदा हातामागून एका मुलीचा आवाज आला, "भाऊ, आंग कायं पडून राह्यलं जी." कुष्ठरोगाच्या गोळ्या चालू होत्या. मी मान वर न करता म्हणालो, "काही होत नाही, खात राहा." पुढच्या महिन्यात ती आलीच नाही. आरोग्यसेविका घरी गेली, तर गोळ्यांचं पाकीट तांदळाच्या डब्यात. तिला बघायला पाहुणे येणार होते. त्या गोळ्यांतल्या क्लोफाझिमिननं कातडी काळवंडते आणि औषध संपल्यावर काही महिन्यांत रंग हळूहळू निवळतो, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. तिला तेवढं सांगितलं नव्हतं.

आणि हे कुठे, तर वर्ध्यात! जिथे १९३६ साली मनोहर दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. सेवाग्रामची परचुरे कुटी तुम्ही पाहिली असेल. परचुरेशास्त्री संस्कृतचे पंडित, कुष्ठरोगी. गांधीजी स्वतः त्यांना मालिश करायचे. तेव्हा या रोगावर खात्रीचं औषधच नव्हतं. एकापेक्षा जास्त औषधं एकत्र द्यायचा उपचार जागतिक आरोग्य संघटनेनं सुचवला १९८१मध्ये, आणि देशात तो आधी सुरू झालेल्या जिल्ह्यांत वर्धा होता. औषध नसताना इथे कुणीतरी रोग्याजवळ बसत होतं. माझ्याकडे तीन-तीन औषधं होती आणि मान वर होत नव्हती.

मग मी एक स्टूल आणलं. नवं औषध सुरू झालेल्या माणसाला बाजूच्या दारानं आत घ्यायचं, बसवायचं आणि विचारायचं, "तुमचा दिवस कसा जातो?" एक मावशी होत्या, कापूस वेचायला जाणाऱ्या. बीपी काही केल्या उतरेना. डॉक्टर डोस वाढवायच्या बेतात. मावशी म्हणाल्या, "सकायची गोयी घेतली का घडी घडी लघवीले लागते. वावरात बाप्यामाणसं असतात. कुठी जाऊ?" म्हणून वेचणीचे दिवस गोळी बंद! गोळी पाणी काढणारी होती. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी डोस तोच ठेवला, वेळ बदलली. वावरातून घरी आल्यावर घ्यायची. बीपी उतरलं. तुमच्या फार्मसीच्या कुठल्या पुस्तकात पऱ्हाटीच्या शेतात आडोसा नसतो, असं लिहिलंय?

सगळ्यांचं सगळं ऐकता येत नाही, हेही सांगतो. बाजाराच्या दिवशी शंभरावर माणसं. औषधाची गोष्ट विचारावी, तर जावयाच्या दारूपासून सुरुवात. कधी त्या दारूतच औषध न लागल्याचं कारण सापडायचं. कधी नुसताच वेळ जायचा आणि रांगेतले ओरडायचे. त्यांचंही बरोबर होतं.

पण सांगितलेलं कागदावर उतरवा. औषधाच्या दुष्परिणामांची नोंद घ्यायला देशपातळीवर यंत्रणा आहे; १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर रुग्ण स्वतःही कळवू शकतो. किती रुग्णांना हा नंबर माहीत आहे? तुमच्यापैकी किती जणांना?

त्या मुलीचं राहिलं. मी सेविकेबरोबर तिच्या घरी गेलो, चुकलो म्हणालो, रंगाचं समजावून सांगितलं. तिनं गोळ्या पुन्हा सुरू केल्या. शेवटचं पाकीट न्यायला आली तेव्हा खिडकीशी थांबली नाही. सरळ आत येऊन स्टुलावर बसली आणि म्हणाली, "आता किती महिने लागन जी रंग जायाले?"

मी कॅलेंडर काढलं. दोघांनी मिळून महिने मोजले.