उठवणाऱ्याला कोण उठवतो?



पहाटेचे गाणे म्हटले की आपल्याला भूपाळी आठवते. देवाला जागे करावयाचे, तेही किती अदबीने! वासुदेव येतो तोही मोरपिसांची टोपी घालून, गात गात. कामगाराच्या वाट्याला मात्र भोंगा आला. आज मी भोंग्याच्या बाजूची तीन गाणी सांगणार आहे. ती इंग्रजी आहेत आणि हसवणारी आहेत. संगीताचे शास्त्र मी शिकलेलो नाही. पहिल्या पाळीला फाटकावर उभा राहणारा मी माणूस. जांभया तेवढ्या मला चांगल्या कळतात.

पहिले गाणे स्कॉटलंडच्या हॅरी लॉडरचे. ‘म्युझिक हॉल’ म्हणून तिकडे जी नाट्यगृहे होती, तेथला हा लोकप्रिय गायक. सकाळी उठणे छानच, पण पडून राहणे त्याहून छान, एवढाच त्या गाण्याचा मतलब. हा लॉडर पोरवयात आर्ब्रोथ गावी जवसाच्या वाखाच्या सूतगिरणीत अर्धा वेळ राबत होता आणि उरलेला वेळ शाळेत बसत होता. पुढे तो हॅमिल्टनच्या कोळशाच्या खाणीत उतरला. असल्या माणसाने अंथरुणाचे गोडवे गायले, तर त्याला आळशी कोणी म्हणावे? १९१९ साली सरकारने त्याला ‘सर’ केले. त्या गाण्याने कोणाची खुर्ची हलली नव्हती, हेही खरे.

दुसरे गाणे माझ्या विशेष आवडीचे. अर्विंग बर्लिन हा अमेरिकेतला नामांकित गीतकार. त्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती. पियानोच्या काळ्या पट्ट्यांवर तो चाली बांधी. रात्री काम करावे आणि दिवस वर आल्यावर उठावे, असा त्याचा क्रम. १९१८ साली त्याला सक्तीने सैन्यात घेतले आणि न्यूयॉर्कजवळच्या कॅम्प अप्टन छावणीत पहाटेच्या बिगुलाशी गाठ पडली. त्याने लष्करी कवायतीच्या थाटाचे गाणे रचले आणि चालीत तो बिगुलच गोवला. सकाळी उठण्याचा मला तिटकारा आहे. एके दिवशी त्या बिगुलवाल्याचा मी मुडदा पाडीन, असे शिपाई म्हणतो. प्रेक्षक हसतात. पण शिपाई तेथे थांबत नाही. त्याला आठवते, की बिगुलवाल्यालाही कोणीतरी उठवीत असेलच! मग तो त्यालाही गाठण्याचे ठरवतो.

मंडळी, हा विनोद मी वर्षानुवर्षे फाटकावर पाहत आलो आहे. नवा कामगार आधी हजेरी घेणाऱ्यावर चिडतो. तो बिचारा तर आपल्याआधी अर्धा तास उठून आलेला असतो. त्याला कोणी उठवले, हा प्रश्न ज्या दिवशी पडतो, त्या दिवशी माणूस युनियनची पावती फाडतो. १९४२ साली, चौपन्नाव्या वर्षी, पहिल्या युद्धातला जुना गणवेश चढवून बर्लिनने हेच गाणे पुन्हा रंगभूमीवर म्हटले. चोवीस वर्षांत बिगुलाची वेळ काही बदलली नव्हती!

आमच्यातले काही जुने कार्यकर्ते म्हणत, की हसून राग निवतो, वाफ निघून जाते. मला हे सर्वस्वी पटत नाही. तिसरे गाणे पाहा. १९७३ साली बॉस्टनमध्ये कचेऱ्यांतल्या स्त्रियांनी ‘नाइन टू फाइव्ह’ नावाची संघटना काढली. त्यांच्या अनुभवांचा आधार घेऊन १९८० साली त्याच नावाचा विनोदी चित्रपट निघाला आणि डॉली पार्टनने त्याचे गाणे रचले. नखांवर नखे घासून तिने टाइपरायटरसारखा ताल काढला. अंथरुणातून धडपडत उठण्यापासून हे गाणे सुरू होते आणि साहेबाच्या लबाडीपर्यंत पोचते. संघटना आधी, गाणे मागाहून. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून आठवड्याची सुटी मागितली. १८९० साली मालकांनी रविवार मान्य केला. सहा वर्षे लागली त्या एका सकाळीला. तेव्हा रविवारी उशिरा उठण्याचे एक फक्कड गाणे आपल्या शाहिरांनी आता रचावेच. मी ते फाटकावर म्हणून दाखवीन. पहिल्या पाळीला मात्र नको.