यंत्राची हजेरीवही

आम्हां शाळामास्तरांस विद्यार्थ्याची पारख होई ती हजेरीपटावरून, वहीवरून आणि सर्वांत अधिक त्याच्या चेहऱ्यावरून. संगणकाद्वारें चालणाऱ्या शिक्षणांत चेहरा बहुधा दिसत नाहीं. परंतु यंत्र जीं टिपणें ठेवतें तीं पाहून माझ्यासारखा जुना शिक्षक थक्क होतो. पाठ केव्हां उघडला, चित्रफीत कोठें थांबविली, कोणता भाग पुन्हा ऐकला, उत्तर कितव्या खेपेस बरोबर आलें, हें सारें वेळेसह नोंदलें जातें.

इ. स. २०१२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेनें इलेक्ट्रॉनिक्सचा एक अभ्यासक्रम अशा रीतीनें सर्व जगास विनामूल्य खुला केला. १,५४,७६३ जणांनीं नांवें घातलीं. त्यांत अमेरिकेच्या खालोखाल भरणा हिंदुस्थानचा होता. प्रमाणपत्र मिळालें अवघ्या ७,१५७ जणांस. नोंदी मात्र जमल्या सुमारें २३ कोटी!

एवढ्यावरून 'शेंकडा पंचाण्णव नापास' असा शेरा मारणें सोपें आहे. पण नोंदी उलगडतां असें दिसलें कीं, पहिल्या गृहपाठास हात घालणारे मुळीं थोडेच होते. म्हणजे बहुतेक गळती उंबरठ्यावरच झाली. उलट, सहामाहीसारखी जी मधली परीक्षा होती ती उत्तीर्ण झालेले ९,३१८. त्यांतील बहुसंख्य शेवटपर्यंत टिकले. आणखी एक गंमत अशी, कीं गृहपाठ करतांना विद्यार्थी वारंवार सहाध्यायांच्या चर्चेकडे धांव घेत. परीक्षेंत मात्र स्वतःचे जुने गृहपाठ व पुस्तक चाळीत. आमच्या वर्गांत तरी याहून निराळें काय होतें?

तथापि एक पान अर्धा तास उघडें राहिलें, यावरून मुलगा विचारांत गढला होता कीं आईनें त्यास दळणास पाठविलें होतें, हें यंत्रास कळत नाहीं. ज्या घरांत तिघां भावंडांत एकच फोन आहे, तेथें तर कोणाचें ज्ञान कोणाच्या खात्यावर जमा होईल याचा नेम नाहीं. अशा नोंदीवरून 'मंद' असा शिक्का मारला गेला, तर तें मूल दाद कोणाकडे मागणार?

अमेरिकेंत 'इनब्लूम' नांवाची विद्यार्थ्यांची माहिती एकत्र सांठविणारी संस्था पालकांच्या विरोधामुळें २०१४ सालीं बंद करावी लागली. आपल्याकडे २०२३ च्या कायद्यानें मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई केली. मात्र अपवाद करण्याची मुभा सरकारास ठेविली आहे. आमचे हजेरीपट माळ्यावर पडून वाळवीच्या मुखीं जात. या वह्यांस वाळवी लागत नाहीं. तेव्हां मुलाच्या शाळेंत असें शिक्षण सुरू होईल त्या दिवशीं पालकांनीं मुख्याध्यापकांस विचारावें कीं, ही वही कोण वाचणार, ती किती वर्षें राहणार, आणि तींतील चूक दुरुस्त कोण करणार.